पलीकडून आलेलं उत्तर

दगडखाणीत त्याला सगळे भोंगा म्हणत. खाणीला खरा भोंगा होता, पण तो निम्मा वेळ बिघडलेला. मग सुरुंगाला बत्ती देण्याआधी हाच कड्यावर उभा राहून ओरडायचा, "मोकळं?" पलीकडे, नजरेआड, त्याचा थोरला भाऊ असायचा. माणसं बाजूला झाली की तो उलट ओरडायचा, "मोकळं!" मग बत्ती.

एके दिवशी खाणीच्या नव्या तोंडावर पहिलाच सुरुंग होता. भोंगा ओरडला, पलीकडून "मोकळं!" आलं, बत्ती दिली, आणि दादा दगडांखाली सापडून गेला. "त्याने उत्तर दिलं होतं," भोंग्याने सगळ्यांना सांगितलं. "मग परत आत कशाला गेला, देव जाणे." साहेबांनी लिहून घेतलं, वहिनीने ऐकून घेतलं.

भोंग्याने काम सोडलं. बत्तीस वर्षं झाली, खाणही बंद पडली, पण तो एक शब्द काही त्याचा पिच्छा सोडेना. नळ सोडला की नळात, पंखा लावला की पंख्यात. आणि त्या आवाजात त्याला काहीतरी खटकायचं. कड्यावर जाऊन एकदा ओरडलं की सोक्षमोक्ष लागेल, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. म्हणून तर तिकडे फिरकत नव्हता.

अशात एक फिल्मवाली आली. दहा-दहा मिनिटांच्या फिल्म काढायची. नट नाही, नटी नाही, नुसती जागा आणि तिथले आवाज.

"म्हणजे लोकांनी खड्डा बघत बसायचं?" भोंग्याने विचारलं.

"आणि ऐकायचं. काका, तुम्ही ओरडायचात तसं एकदा ओरडाल?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि गडी हो म्हणून बसला.

नव्या तोंडाच्या कड्यावर तिने एक माइक त्याच्याजवळ ठेवला, दुसरा पलीकडे, दादा त्या दिवशी उभा होता तिथे. भोंग्याने छाती भरून घेतली. "मोकळं?"

क्षणभर काहीच नाही. मग पलीकडून, अगदी स्वच्छ, "मोकळं!"

पलीकडे चिटपाखरू नव्हतं.

"काय सुंदर प्रतिध्वनी आलाय!" फिल्मवाली खूश.

"पलीकडच्या माइकातलं लाव," तो कसाबसा म्हणाला.

तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. वारा होता, कुठेतरी पत्रा वाजत होता. त्याची हाक नव्हती. त्याने तीनदा ऐकलं. मधल्या उभ्या कातळाने हाक तशीच माघारी फिरवली होती.

तो तडक वहिनीकडे गेला. ती शिलाई मशीनवर बसली होती. दारातूनच त्याने सांगून टाकलं, "वहिनी, दादाने उत्तर दिलंच नव्हतं. तो माझाच आवाज होता. माझी हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. मी मारलं त्याला."

आता ती तोंडाला येईल ते बोलेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. वहिनीने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"म्हणजे ते आपणहून आत गेले नव्हते?"

"नाही."

"त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं, भावोजी. परत घरी येऊ नका, म्हणाले होते मी." तिने हातातलं कापड बाजूला फेकलं. "बत्तीस वर्षं! एकदा जाऊन ओरडायला काय झालं होतं हो तुम्हाला?"