केंदाळात अडकलेली लाँच

आबांनी बोट क्लब काढला तेव्हा त्यात दोनच माणसं होती, आबा आणि चाचा. आबा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात फौंड्रीसाठी, ओतकामाचे साचे ज्यावरून काढतात ते लाकडी पॅटर्न करायचे. चाचा त्यांचे जुने दोस्त, शेजारीच त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून आबांनी हातभर लांबीची लाँच कोरली, चाचांनी तिला मोटार बसवली आणि एका रविवारी दोघांनी ती रंकाळा तलावात सोडली. बघायला थांबलेल्यांतलेच काही पुढं सभासद झाले. मीही झाले.

क्लबाला नियम एकच, तोही आबांचा. स्वतःच्या हातानं केलेलीच बोट पाण्यात सोडायची.

मग चाचांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजव्या हाताची थरथर गेली नाही. त्यांच्या सुनेनं त्यांना रिमोटवर चालणारी लाल टगबोट आणून दिली, तयार, खोक्यातली. ती घेऊन ते हौसेनं घाटावर आले. आबांनी उलटीसुलटी करून बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "खेळणं हाय हे. हितं न्हाय सोडायचं."

चाचांनी बोट परत घेतली. त्यानंतरही दर रविवारी येत राहिले. बोट पिशवीत, पिशवी मांडीवर. आबा त्यांच्याकडं पाठ करून उभे राहायचे. मला दोघांचाही राग यायचा. मी गप्प बसते याचा त्याहून जास्त.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी आबांची लाँच पाण्यावर माजलेल्या केंदाळात, म्हणजे जलपर्णीत, शिरली आणि अडकली. काठापासून साठेक फूट असेल. मोटार घरघरत होती, बोट जागची हलेना.

"राहू दे आबा. दुपारी कोणाची तरी नाव मिळते का बघू," मी म्हटलं.

"मोटार जळंल तवर," म्हणत त्यांनी पँट दुमडली. वय पंच्याहत्तर. मी हात धरला, तो त्यांनी झटकला.

केंदाळ हातांनी बाजूला सारत कमरेएवढ्या पाण्यातून ते नीट चालत गेले. लाँच चार हातांवर राहिली आणि ते एकदम छातीपर्यंत खाली गेले. गाळ होता. पाय उपसायला गेले की आणखी रुतायचे. केंदाळाच्या मुळ्या कमरेला गुंडाळल्या होत्या.

"दोरी टाका!" ते ओरडले. आवाज त्यांचा वाटलाच नाही.

दोघांनी उड्या मारल्या. आबांच्या मागं परत मिटलेल्या केंदाळानं त्यांना निम्म्यातच अडवलं, धापा टाकत परत आले. दोरी फेकली, ती निम्म्यावरच पडली. कोणीतरी अग्निशमन दलाला फोन लावत होतं. पाणी आबांच्या खांद्याला लागलं होतं.

चाचा उठले. पिशवीतून टगबोट काढली. पलीकडं गळ टाकून बसलेल्या माणसाला म्हणाले, "पावणं, दोरी द्या तुमची. सगळी." तिचं टोक त्यांनी बोटीच्या कडीला बांधायला घेतलं. गाठ बसेना, हात थांबेना. ती मी मारली. मग रिमोट माझ्या हातात देत ते म्हणाले, "तू चालव, बेटी. माझ्यानं व्हायचं न्हाय."

ती बोट मी कधी चालवली नव्हती. सरळ रस्ता केंदाळानं भरलेला, उजवीकडून मोकळ्या पाण्याची बोटीपुरती चिंचोळी पट्टी. मी त्या पट्टीत बोट घातली. मध्येच ती थांबली. पंख्यात मुळी.

"मागं घे. हळू," चाचा कानाशी म्हणाले. "आता पुढं. परत मागं."

सुटली. मला फक्त तो लाल ठिपका आणि आबांची हनुवटी दिसत होती. बाकी घाटावर कोण काय ओरडत होतं, मला आठवत नाही.

आबांनी बोट दोन्ही हातांनी पकडली.

"दोरी वढ!" चाचा ओरडले. "वढ की लेका!"

गळाच्या दोरीच्या मागं आम्ही जाड दोर बांधला होता, दोराला कोणीतरी पंक्चरवाल्याकडून पळत आणलेली ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब. आबा ओढत राहिले. बारीक दोरीनं त्यांचे तळवे कापले. ट्यूब काखेत आली तेव्हा घाटावरच्या पंधरावीस जणांनी दोर धरला. गाळानं त्यांना एकदम सोडलं नाही. एकेक पाय सोडला.

पायरीवर ते बराच वेळ खोकत बसले. चाचा शेजारी बसले. त्यांचा तो थरथरता हात आबांच्या पाठीवर होता आणि आबांनी तो काढला नाही. मग घोगऱ्या आवाजात आबा म्हणाले, "पुढल्या रविवारी सोड तुझी बोट."

"मी कशाला सोडू? पोरगीच बरी चालवती," चाचा म्हणाले.

दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. घरी आल्यावर आबा कॉटवर बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "लाँच काढली का कुणी?"

त्या क्षणापर्यंत मी रडले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडले. लाँच गेली खड्ड्यात, म्हटलं, तुम्ही बुडत होता आणि रिमोट माझ्या हातात होता, कळतंय का तुम्हाला? आबांनी पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.