स्तोत्र संपलं की बाजू बदल

देवीवर रुसायची माझी हिंमत त्या आठवड्यापर्यंत कधी झाली नव्हती. लग्नाआधीपासून माझा नेम होता, सकाळी आंघोळ झाली की देवीपुढे बसून स्तोत्र म्हणायचं आणि मगच चहा प्यायचा. त्यात कधी खंड पडला नाही याचा मला थोडा तोराही होता, आज कबूल करायला हरकत नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी मालाडला माहेरी आले, मुलगी झाली, आणि नेमकी देवीची गरज लागली तेव्हा मला सोयर होतं. दहा दिवस देवांना हात लावायचा नाही, पूजेला बसायचं नाही. बाहेरच्या खोलीत आई पूजा करायची आणि मी आत खाटेवर पडून नुसती घंटा ऐकायची. इकडे लेकीला दूध पुरत नव्हतं. इतकी वर्षं हजेरी लावली, आणि गरजेच्या वेळी मलाच प्रवेश नाही, असं मनात येऊन मी चक्क देवीशी भांडत होते.

लेक म्हणजे एवढासा जीव. पाजायला घेतली की चार घोट ओढायची आणि मग लालबुंद होऊन रडायची. माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. ती तोंड उघडून जवळ आली की माझ्या पायांची बोटं आपोआप वळायची. आईने अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मुशी माशाचं कालवण यांचा मारा चालवला होता. आम्ही कोकणातले. मुशी खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, यावर आईचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. मी फुगत चालले होते आणि लेक सुकत चालली होती. गुरुवारी डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, तर वजन जन्मापेक्षा बरंच उतरलेलं. "सोमवारी परत आणा. वाढलं नसेल तर डब्याचं दूध सुरू करू, आणि वाटलं तर ॲडमिट करू," ते म्हणाले. डब्याच्या दुधाचं मला एवढं काही नव्हतं, शेजारची दोन मुलं त्यावरच टुणटुणीत झाली होती. पण ॲडमिट हा शब्द ऐकून मी लेकीला काट्यावरून उचलून छातीशी घट्ट धरलं.

आता माझी चूक सांगते. प्रसूतीनंतर नर्सबाईंनी सांगितलं होतं, दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं पाज. बाळंतिणीच्या खोलीत घड्याळ नव्हतं, पण माझ्याकडे स्तोत्र होतं. सोयरातही मनातल्या मनात म्हणायला कोणाची ना नसते, आणि शांतपणे म्हटलं तर ते बरोबर दहा मिनिटं चालतं. म्हणून पाजायला घेतलं की स्तोत्र सुरू, आणि स्तोत्र संपलं की बाजू बदल. मला ही युक्ती झकास वाटली होती, बाळाचंही होतंय आणि नेमही राहतोय. फक्त दुखायला लागलं की माझं स्तोत्र पळत सुटायचं. दहा मिनिटांचं पाचावर आलं, पुढे बहुतेक तिनावर. लेकीला जरा कुठे दूध लागतंय तोच मी तिला ओढून दुसरीकडे लावत होते, आणि वर देवीला विचारत होते की माझी भक्ती कुठे कमी पडली.

शनिवारी दुपारी मात्र स्तोत्रच अडलं. हजारदा म्हटलेल्या ओळी एकमेकींत गुंतल्या आणि पुढचं काही आठवेना. लेक रडत होती, मीही रडायला लागले. शेवटी मी देवीला म्हटलं, आई, मला जमत नाहीये, आता तूच बघ. बस, एवढंच. प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं, थकलेल्या बाईने हात टेकले होते.

बाहेर मढहून येणारी मासेवाली आईशी मुशीच्या भावावरून हुज्जत घालत होती. तिला मी गॅलरीतून पाहिलेलं तेवढंच, बोलणं कधी झालं नव्हतं. हुज्जत मध्येच थांबली. मग आईचा आवाज आला, "अगो, बाळंतिणीच्या खोलीत खंय चललंस? हाताक वास हा मासळीचो." पाणी ओतल्याचा, साबण घासल्याचा आवाज झाला आणि ती पदराला हात पुसत माझ्यापुढे उभी राहिली. गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस.

"काय गो, कवाधरनं रडते पोर," म्हणत तिने लेकीला आधी घट्ट दुपट्यातून मोकळं केलं. तिचं पोट माझ्या पोटाला लावलं. माझे खांदे कानापर्यंत चढले होते, ते दोन्ही हातांनी खाली दाबले. "तू वाकू नको. पोरीला वर घे. तोंड मोठं उघडू दे, मग आत घाल, नुसतं टोक नको." पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लेकीने असा घास घेतला की मी दचकले, पण दुखलं नाही. सवयीने मी मनात स्तोत्र सुरू केलं असावं, कारण माझे ओठ हलताना पाहून तिने विचारलं, "काय मोजतेस?" मी सांगितलं. ती इतकी हसली की आई आत धावत आली. "तिचं पोट भरलं की ती सोडंल. तू गप बस ना."

मी गप्प बसले. पाजताना पहिल्यांदाच मी कोणाला काही मागत नव्हते, काही मोजत नव्हते. खोलीत फक्त लेकीच्या गिळण्याचा आवाज होता. किती वेळ गेला, खरंच माहीत नाही. तिने आपणहून तोंड सोडलं आणि मान टाकून झोपली. आईने मुशी मासेवाली सांगेल त्या भावात घेतली, आणि तसं तिने आयुष्यात पुन्हा केलं नाही.

सोमवारी काटा वर सरकला, थोडासाच, पण सरकला. डॉक्टरांनी डब्याचं नाव काढलं नाही.

मंगळवारी मासेवाली आली तेव्हा मी दारापर्यंत गेले, हात जोडले आणि म्हटलं, "मावशी, तुम्हाला देवीनेच पाठवलं." ती म्हणाली, "मला तुझ्या आयशीनं हाक मारली, मुशीसाठी." मग पाटीवरचं फडकं सारखं करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा पयला अकराव्या दिशी गेला. मला कोनी दाखवलं नाय. तवापासून रडणं ऐकलं की पाटी खाली ठेवते."

देवीने तिला पाठवलं की नाही, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे. देवीचे आभार मी आजही रोज मानते, आणि मानताना त्या मासेवालीचाच चेहरा समोर येतो. लेकीचं लग्न होऊन आता वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या घरात तान्हं बाळ फार वेळ रडायला लागलं, की मी पूजेत असले तरी उठते, हात धुते आणि त्यांची बेल वाजवते.