तीन रेघांची गोळी

इरण्णामामा कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला कान लावीत. घरधनी 'या, बसा' म्हणतोय, आतून पाण्याचा तांब्या येतोय आणि मामा बोटाच्या सांध्याने भिंत वाजवून ऐकत उभे. मग मान हलवून म्हणायचे, "हिच्या पोटात हवा हाय." आमच्या नव्या न्हाणीला त्यांनी असाच कान लावला आणि ती दुसऱ्या गवंड्याने बांधली हे त्यांना कोणी न सांगता कळले. पुढे आठ दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. आईनेच जाऊन समजूत काढली.

देगलूरच्या पुढे, लेंडी नदीच्या काठी आमचे गाव. राज्य निजामाचे, पण गावावर हुकूम चालायचा तो जागीरदाराचा. मामा जातीने लिंगायत, धंद्याने गवंडी. घरात कानडी, दारात मराठी आणि कचेरीत अडखळत दखनी बोलायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असत, आणि कोणतेही काम पुरे झाले की शेवटच्या दगडावर छिन्नीने तशाच तीन बारीक रेघा मारत. ती त्यांची सही. आई त्यांना भाऊ मानायची म्हणून ते माझे मामा. बाविसाव्या वर्षी मी जागीरदाराच्या कचेरीत मुन्शी म्हणून लागलो आणि त्याच दिवसापासून त्यांनी मला अरेतुरे करणे सोडले. मला ते फार लागले, पण त्यांनी ऐकले नाही.

त्यांचे एक बोलणे गावाला पाठ होते. ओढ्यावरचा बांध दोन पावसाळ्यांत दोनदा वाहून गेला, तेव्हा तिसऱ्या खेपेला त्यांना बोलावले. त्यांनी भिंत उभी न बांधता लांब उताराची बांधली. लोक हसले. मामा म्हणाले, "येनाऱ्याला अडवू न्हाई, दमवावं. अडवलं की त्याला चेव येतो." बांध राहिला.

जागीरदाराच्या पदरी तीसेक शिपाई होते, ठासणीच्या बंदुका घेतलेले. गढीमागच्या माळावर त्यांची चांदमारी चाले, म्हणजे निशाणाचा सराव. तिकडे विलायतेत मोठी लढाई पेटलेली, बाजारात शिसे मिळेनासे झाले. तेव्हा हुकूम निघाला की झाडलेल्या गोळ्या परत हाती आल्या पाहिजेत. शिपाई गढीच्या दगडी भिंतीवर गोळ्या झाडत. त्या चपट्या होऊन, फुटून कुठेही उडत. एक तुकडा जमादाराच्या पागोट्यातून आरपार गेला, तेव्हा तिथे काळ्या मातीचा ढीग घातला. उन्हाळ्यात माती दगडासारखी झाली, पावसाळ्यात चिखल, आणि गोळी गेली की गेली. मग जमादाराने मला विचारले, कोणी जाणता माणूस आहे का. मी मोठ्या तोऱ्यात मामांचे नाव सांगितले. हुकूमही मीच लिहिला. वेठीचेच काम होते, नाही म्हणायची सोय नव्हती, पण नाव सांगितले ते मी.

मामांनी मागे जाड भिंत घातली, खाली उताराची फरसबंदी केली आणि पुढे लेंडीची वाळू घातली, चार हात जाड. सगळी वाळू आधी चाळून घेतली. ज्वारीच्या दाण्याहून मोठा खडा त्यात राहू दिला नाही. जमादार वैतागला, तेव्हा मामांनी त्याला समजावले की पुढे हीच वाळू पुन्हा चाळायची आहे, मग चाळणीवर राहील ते सगळे शिसेच. वाळू भिजून गठ्ठे होऊ नयेत म्हणून वर छप्परही घातले. पहिल्या दिवशी शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि दगडाचा टणत्कार नाही, नुसता धप्प असा बसका आवाज आला. मामा डोळे मिटून ऐकत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "दमली बघा." वाळूतून गोळ्या जवळजवळ सबंध निघाल्या. वेठीच्या कामावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या गोळ्या वितळवून पुन्हा ओतायला साचा हवा होता. तोही मामांनीच कोरला, संगजिऱ्याच्या मऊ दगडाचा, आचेला न तडकणारा. काम संपले आणि सवयीने हात छिन्नीकडे गेला. साच्याच्या पोटात त्यांनी तीन बारीक रेघा मारल्या, म्हणजे ओतलेल्या प्रत्येक गोळीवर त्या उठणार. मी विचारले, हे कशाला? ते म्हणाले, "चांदमारीच्या गोळ्या. माझ्या वाळूतून निघनार, माझ्या वाळूतच येनार. कुठं जातील?" मला ते पटले. लिहिता-वाचता येणाऱ्या मलाही पटले, याची आज लाज वाटते.

दीडेक वर्ष तसेच गेले. मग लेव्हीच्या, म्हणजे सरकारला सक्तीने घालायच्या ज्वारीवरून जागिरीतल्या एका खेड्यात भांडण झाले. ते मामांच्या लेकीचे, महादेवीचे सासर. लोक धान्याच्या पेवांवर बसून राहिले, उठेनात. शिपायांनी बंदुका चालवल्या. मामांचा जावई शिवलिंग पेवाच्या तोंडावर बसला होता, त्याच्या मांडीत गोळी गेली. त्याला बैलगाडीत घालून आमच्या गावी वैद्याकडे आणले. वैद्याने गोळी काढून पितळीत टाकली, तेव्हा मी आणि मामा शेजारी उभे होतो. एका बाजूने ती चेपली होती. मामांनी ती उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि अंगठा फिरवला. मग माझ्या हातात दिली. मला डोळ्यांनी पाहायची गरज पडली नाही, तीन रेघा बोटाला लागल्या.

शिवलिंग वाचला, पण पाय गुडघ्यात वाकेना. नांगरामागे जाणे संपले. महादेवी बापाला काही बोलली नाही; तिला काही ठाऊकच नव्हते. तेच मामांना सहन होत नव्हते. महिनाभराने ते माझ्या दारात आले. कपाळ कोरे होते. म्हणाले, "मुन्शी, एक अर्जी लिवा. साचा परत द्या म्हनावं, दुसरा करून देतो, बिगर रेघांचा. गोळ्या बंद करा म्हनायची माझी ऐपत न्हाई. माझी खून तेवढी काढू द्या."

मी अर्जी लिहिली, चांगल्या उर्दूत, अदबीने. त्यांनी अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी मी ती खिशात घालून कचेरीत गेलो आणि तशीच घरी आणली. शिपायांच्या गोळीची ओळख पटवणारा कागद जागीरदारापुढे ठेवायचा म्हणजे मामांचीही मान अडकायची आणि माझीही, असे मी मनाला सांगितले. खरे एवढेच की मी भ्यालो. मामा दर आठवड्याला येत. "काय झालं?" मी म्हणे, पुढे पाठवलीय. मग म्हणे, साहेब हैदराबादेला गेलेत. मग म्हणे, पेशकाराकडे अडकलीय. ते मान हलवून परत जात. ह्या दिवसांत त्यांनी पाटलाचा हौद बांधला, शाळेचा ओटा बांधला. एकाही दगडावर रेघा नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात ते अंथरुणाला लागले. एका सकाळी महादेवीचे बोलावणे आले. मी जाऊन उशाशी बसलो. काय करावे सुचेना, म्हणून मीच सांगून टाकले, "मामा, उत्तर आलं. साचा फोडून टाकला."

त्यांनी आढ्याकडची नजर माझ्याकडे वळवली. मग विचारले, "एका घावात फुटला का?" मी हो म्हणालो. त्यांनी हळूच कूस बदलली आणि भिंतीला कान लावला. माळावर चांदमारी सुरू झाली होती, आणि मामांवाचून दुसरा साचा कोरणारा गावात कोणी नव्हता. बार ऐकू येत होते आणि प्रत्येक बारामागून तो बसका धप्प. मामांनी दहा-बारा बार ऐकले. मग माझा हात शोधून वर हात ठेवला.

"मुन्शी, तुम्ही मला कंदी न्हाई म्हनला न्हाईत," ते म्हणाले. "दमवलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. चौथ्या दिवशी ते गेले. ती अर्जी अजून माझ्या पेटीत आहे. त्यांच्या अंगठ्याची शाई पुसट झाली आहे, माझे अक्षर मात्र स्वच्छ वाचता येते.