बिनशिवणीची टोपी

मला मूल झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठेतरी पाळणा हलेल म्हणून कोणी वाट बघत बसायला नको. कीवही नको मला कोणाची. सांगायचंय ते एका टोपीबद्दल, आणि ती टोपी आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

टोपी विणायला मी लग्नाआधी शिकले, माहेरी, देवळाली कॅम्पला. आमच्या मागच्या खोलीत एक फौजीण भाड्याने राहायची, हिमाचलची. नवरा तोफखान्यात, आणि हिच्या हातात कायम चार सुया. भाजीवाल्याशी भांडताना, बसची वाट बघताना, सुया चालूच. आमच्याकडे विणकाम म्हणजे दोन सुया, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, आणि शेवटी दोन्ही कडा जोडून मागून शिवण. तिचं तसं नव्हतं. तीन सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि चौथीने विणत गोल गोल जायचं. खालची बॉर्डर झाली की पुढे नुसते सुलट टाके. काम उलटायचं नाही, कडा जोडायची नाही. वर गेलं की टाके कमी करत आणायचे, उरलेल्या टाक्यांतून लोकर ओवून आवळायची, झाली टोपी. तान्ह्या पोराची असेल तर दुपारी जेवून बसावं आणि दिवेलागणीला त्याच्या डोक्यावर चढवावी, इतकं सोपं.

फक्त पहिला गोल जोडताना ती माझ्या हातावर चापट मारायची. "पहले देख, फंदे मुड़े तो नहीं!" तिथे टाक्यांना पीळ बसला तर पुढे कितीही सुंदर विणा, पीळ जात नाही, सगळं मुळापासून उसवावं लागतं. मी उसवलं, रडले, पुन्हा उसवलं, आणि मग एकदाचं जमलं.

लग्न होऊन नाशिकरोडला आले, तर सासूबाई म्हणजे गल्लीतली विणकामाची महाराणी. कोणाकडे बाळंतपण असो, लोकर घेऊन बायका आमच्या दारात. सासूबाई दोन सुयांवर विणायच्या आणि मागून अशी जाड शिवण घालायच्या की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या टाळक्यामागे ती उठून दिसायची. मी एकदा हौसेने माझ्या चार सुया काढल्या, तर म्हणाल्या, "हे काय मांडलंयस? शिवण नाही ते टिकायचं नाही. ही मिलिटरीवाल्यांची थेरं कॅम्पातच ठेव." नवी होते, सुया ट्रंकेत टाकल्या. आजची मी असते तर ट्रंक डोक्यावर आपटली असती.

वर्षं गेली. डॉक्टर झाले, उपास झाले, वणीच्या गडावर खेटे झाले. माझ्यानंतर लग्न झालेल्या नणंदेला दिवस गेले. तिला दिलेली लासलगावला, कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे. तिचं डोहाळजेवण आमच्याकडे होतं. श्रीखंड मी केलं, पुऱ्या मी लाटल्या, फुलांची वाडी मी गुंफली. ओटी भरायला हातात तबक घेतलं, तर तिच्या सासूने, त्या लासलगावच्या विहीणबाईंनी, सगळ्यांदेखत मला आडवा हात केला.

"तुम्ही नका भरू. राग नका मानू, पण जिची कूस उजवली नाय तिच्या हातनं आमच्यात काय घेत नाय. पोराला बरं नसतं."

मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, आता तरी ही बाई बोलेल. त्या म्हणाल्या, "तू जरा स्वयंपाकघर बघ, तेल तापलं असेल." नणंद खाली बघत बसली. मी आत गेले आणि पुऱ्या तळल्या. जळल्या त्यातल्या निम्म्या. मुद्दाम जाळल्या.

डिसेंबरात नणंदेला आमच्याकडेच मुलगा झाला. आधीच आला, अंगाने मूठभर. त्या साली थंडी अशी पडली होती की निफाडकडे लोक द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटवत होते. डॉक्टरांनी बजावलं, याचं डोकं उघडं ठेवू नका. टोपी सासूबाईच विणणार, हे ठरलेलंच. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कोणाला सांगत नव्हत्या. दिवसभर विणायच्या, संध्याकाळी बोटाने चाचपायच्या, टाका सुटलेला सापडला की उसवायच्या. पुन्हा घालायच्या, पुन्हा उसवायच्या. तोवर पोराच्या डोक्याला जुन्या धोतराचा तुकडा, तोही सारखा घसरायचा. मला बाळंतिणीच्या खोलीत जायला बंदी होती, पण दाराच्या फटीतून दिसत होतं ना सगळं!

मग मी ट्रंक उघडली. लिंबू रंगाची मऊ लोकर होती, कधीची आणलेली. कोणासाठी आणलेली ते विचारू नका. जेवणं आवरून बसले. पहिला गोल जोडायच्या आधी टाके दोनदा तपासले. दिवे लागायच्या वेळी टोपी तयार, मोसंबीएवढी. सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवली, आतून बघितली, बाहेरून बघितली, बोटाने शिवण शोधली.

"जोडलीयस कुठे?"

"जोडलेलीच नाही. अखंड आहे."

"उसवेल."

"नाही उसवणार. घाला त्याला. थंडी आहे."

"ठेव तिकडे," म्हणाल्या. मी ठेवली. सकाळी ती तिथे नव्हती. मला वाटलं, फेकली असेल.

बाराव्या दिवशी बारसं. हॉल बायकांनी भरलेला, पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि मी अर्थातच आत, घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी. आमचे हे बाहेर मांडवात खुर्च्या इकडच्या तिकडे करत होते. त्यांना आयुष्यभर तेवढंच जमलं. मी घुगऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि माझी नजर बाळाच्या डोक्यावर गेली. लिंबू रंगाची टोपी. माझी टोपी! माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही, असं म्हणायला एक क्षण मिळाला मला. कारण तेवढ्यात नणंदेने बाळाला कुशीवर केलं आणि टोपीच्या मागे मला शिवण दिसली. वरपासून खालपर्यंत, जाडजूड, सासूबाईंच्या हातची.

अखंड टोपीला शिवण! कुठे काही जोडायचं नाही, फाटलेलं नाही, आणि तरी चिमटीत धरून टाके घातलेले.

विहीणबाई म्हणत होत्या, "काय हात हे तुमचा विहीणबाई, या वयात! लय भारी." आणि सासूबाई हसून म्हणत होत्या, "असंच आपलं, बसल्या बसल्या."

तळपायाची आग मस्तकात गेली. ताट तिथेच जमिनीवर ठेवलं, पुढे झाले आणि बाळाच्या डोक्यावरची टोपी काढली. कोणीतरी "अगं अगं" म्हणालं. टोपी उलटी केली, गाठ शोधली, दाताने तोडली आणि दोरा ओढला. सर्रकन शिवण निघाली. टोपी जशीच्या तशी. मी ती पाचही बोटांवर चढवून सगळ्यांपुढे फिरवली.

"बघा. नीट बघून घ्या. शिवण काढली तर टोपी मागून उघडायला पाहिजे ना? उघडली का? ही चार सुयांवरची आहे. या घरात चार सुयांवर कोण विणतं, विचारा यांना."

विचारायची गरज नव्हती. सासूबाई पाळण्याच्या दोरीकडे बघत होत्या. टोपी परत घालायला मी बाळाकडे वळले, तर विहीणबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"म्हणजे ही तुम्ही विणली? नाय, नको. ती नको आता पोराच्या अंगाला." त्यांनी पिशवीतून बाजारची लाल टोपी काढली, गोंडे लावलेली, दोन वर्षांच्या पोराला येईल एवढी. "ही घाल गं."

नणंदेने माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. तिने लाल टोपी घेतली आणि बांधली. ती बाळाच्या नाकापर्यंत आली. ते जे रडायला लागलं ते पाळणा म्हणून होईस्तोवर रडलं. बायका म्हणाल्या, नजर लागली. माझ्याकडे बघत बघत त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

पाहुणे गेल्यावर मोरीपाशी सासूबाईंनी मला गाठलं. मला वाटलं, शरमल्या असतील. कसलं काय!

"अक्कल आहे का तुला? शिवण घातली होती म्हणून तर पोराच्या डोक्यावर होती ती. त्या बाईला कळू नये म्हणून घातली."

"माझी टोपी, आणि नाव तुमचं!"

"नाव कोणाचं का असेना. डोकं तर उबेत होतं ना त्याचं? आता बस, टोपी मांडीवर घेऊन."

बोलल्या ते खोटं नव्हतं. पण राग गेला म्हणाल तर तो गेला नाही. माझी टोपी चालते आणि मी चालत नाही, हे सांगायला सासूबाईंनी शिवण घातली, आणि वर मीच उपकार मानायचे? आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे ना, टोपीच तर आहे."

पुढे काही वर्षांनी, घरोघरी मोबाइल आले तेव्हा, एके दुपारी नणंदेचा फोन. दुसरं बाळंतपण लासलगावलाच झालं होतं, मुलगी. तेव्हाही थंडीच होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज बारीक केला.

"वहिनी, ती तशी टोपी विणून द्याल का? ती अखंड. आमच्या मोठ्याने दोन दिवस घातली होती तर कसा गाढ झोपला होता. बाकीच्या सगळ्या टोचतात."

"दोन दिवस? बारशाच्या आधी?"

"हो ना. आई खोलीत घालायची त्याला. शिवण तर बारशाच्या सकाळी घातली, माझ्यासमोर."

"म्हणजे तुला माहीत होतं. ओढून काढली तेव्हाही, आणि लाल टोपी बांधलीस तेव्हाही."

ती म्हणाली, "पाठवून द्या ना आईबरोबर. इथे मी सांगेन, आईने विणली."

"शिवण घालून पाठवू, का तू तिकडे घालून घेशील?"

"टोमणे नका मारू वहिनी."

"बरं, नाही मारत. विणते. आजच विणते. पण पाठवणार नाही. बारशाला मी येईन आणि सगळ्यांसमोर माझ्या हाताने तुझ्या लेकीच्या डोक्यावर घालीन. चालत असेल तर सांग."

ती म्हणाली, "सासूबाईंना विचारून फोन करते."

मी लगेच बसले. त्याच लिंबू रंगाची उरलेली लोकर होती. पहिला गोल तपासला, पीळ नव्हता. संध्याकाळी टोपी झाली, पहिलीपेक्षाही बरी झाली. फोनशेजारी ठेवली. सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

फोन आला नाही. बारसं झाल्याचं दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

त्या दिवशी मी टोपी हातात घेतली, शेंड्याची गाठ सोडवली आणि टोक ओढलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, राहू दे की." मी ओढत राहिले. शिवण असती तर कुठेतरी अडलं असतं, कात्री घ्यावी लागली असती. नव्हती. एका दमात सगळी उसवली.