मागावर उरलेलं सूत

माझं लग्न झालं तेव्हा मला नुकतंच तेरावं लागलं होतं. वडील हिंगोलीच्या कापूस बाजारात मापाडी होते. सासर कुरुंद्याजवळच्या एका गावात, बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. घर हळद-कापूस पिकवणारं, खाण्यापिण्याला कमी नव्हतं. आठ-नऊ वर्षं मी तिथं सून म्हणून राबले, पण मूल झालं नाही. मग नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. आखाडा बाळापूरच्या बाजूची मुलगी, पंधरा वर्षांची.

मला कुणी मारलं नाही, हाकललंही नाही. लग्नाच्या आधी सासूनं परसातल्या खोलीतलं हळदीचं बेणं हलवून घेतलं आणि तिथं वेगळी चूल मांडून दिली. दाणापाणी बराबर मिळंल, म्हणाली. तेवढंच बोलणं झालं. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं भांडं या फळीवरून त्या फळीवर ठेवावं तसं तिनं ते केलं.

शेतातली कामं मी करतच होते. कापूस वेचायला, हळद काढायला सगळ्यांबरोबर जायची. पण बायका माझ्याशी जपून बोलायच्या, आणि धाकट्या सवतीला दिवस राहावेत म्हणून नवस चालले होते तेव्हा तर बोलायच्याही नाहीत. घरी आल्यावर एक भाकरी थापायची, खायची, भांडं घासायचं. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं, की आज सकाळपासून आपण गाईखेरीज कुणाशी बोललो नाही.

परसाच्या भिंतीपलीकडे साळ्याचं घर होतं. म्हातारीचा नवरा आणि मुलगा लुगडी विणायचे आणि ती मागासाठी सूत कांड्यांवर गुंडाळून द्यायची. एकदा मी म्हातारीकडे विस्तव मागायला गेले, तर मागाशेजारी रंगीत सुताचा ढीग पडलेला दिसला. लुगडं विणून संपलं की मागावर शेवटी हात-दीड हात सूत उरतं. ते विणता येत नाही, कापून टाकावं लागतं. म्हातारी त्याचे बोळे करून चूल पेटवायला वापरायची. मी ते मागितलं. काय करणार, असं तिनं विचारलं, तर मी पदर पुढं केला. तिनं पदरात ओंजळभर सूत घातलं.

माझ्याकडे एक आकड्याची सुई होती. लहानपणी हिंगोलीत आमच्या शेजारी एक मुसलमान विधवा राहायची. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती नमाजाच्या जाळीदार टोप्या विणून द्यायची आणि मी तिच्याजवळ बसून शिकले होते. मोडक्या छत्रीची काडी घासून तिनं मला ती सुई करून दिली होती. लग्नात माझ्या पेटीत आली आणि नऊ वर्षं तळाशी पडून राहिली. सासरी असल्या कामाला वेळ कुणाला होता? आता वेळच वेळ होता.

सुताचे तुकडे एकाला एक गाठून मी गुंडा केला. हिरवं, लाल, कुसुंबी, मध्येच काळं. पहिल्यांदा दुधाच्या भांड्यावरचं झाकण केलं. मग सूत दुहेरी-तिहेरी घेऊन शिंकं केलं. घागरीखाली डोक्यावर ठेवायला चुंबळ केली. वासरानं माती खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं केलं. साळीण दर आठ-पंधरा दिवसांनी भिंतीवरून सूत टाकायची, आणि मी विणत राहायची. माझी भांडी पाच होती. झाकणं सतरा झाली. तीन शिंकी टांगली, त्यातल्या दोहोंत ठेवायला काही नव्हतं. तरी हात थांबायचे नाहीत. टाके मोजताना ओठ हलायचे, तेवढाच आपला आवाज आपल्याला ऐकू यायचा.

एकदा सासू परसात आली, एक शिंकं काढून घेऊन गेली. पुढं पोळ्याला मोठ्या घरात पुरण वाटायला मला बोलावलं, तेव्हा ते स्वयंपाकघरात टांगलेलं दिसलं. त्यात लोण्याचं मडकं होतं. मी वाटता वाटता पुन्हा पुन्हा तिकडं बघत होते. कुणी त्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण तो दिवस मला चांगला गेला.

धाकटीला तिसऱ्या वर्षी मुलगा झाला. गावभर गूळ वाटला, माझ्याही दारात एक खडा आला. मला काय वाटलं ते आज नीट सांगता येणार नाही. वाईट वाटलं हे खरं, आणि लेकरू बघावंसं वाटलं हेही खरं. मी त्याच्यासाठी झोळी विणायला घेतली. सूत चौपदरी घेतलं, प्रत्येक गाठ ओढून तपासली. दीड महिना लागला. मधे बारसं झालं, त्याला मला बोलावणं नव्हतं. झोळी पुरी झाली तशी मी ती मोठ्या घराच्या उंबऱ्यावर ठेवून आले.

तिसऱ्या दिवशी नवरा माझ्या दारात उभा राहिला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच तिथं आला होता. त्याच्या हातात झोळी होती. माझ्याकडे न बघता, खोलीतल्या शिंक्यांकडे बघत तो म्हणाला, "तिला भ्या वाटतं. असलं काही करत जाऊ नको लेकरासाठी."

मी झोळी घेतली. तो गेल्यावर उसवायला बसले. गाठीगाठीचं सूत सरळ उसवत नाही, दर वीतभर अडतं. चार दिवस लागले. मग त्याच सुताची कांदे टांगायची जाळी केली आणि त्यात कांदे भरले. रडू आलं नाही. पण त्यानंतर बरेच दिवस मी सुई हातात घेतली नाही.

मुलगा वर्षाचा झाला त्या उन्हाळ्यात मुलखात गडबड वाढली. निजामाचं राज्य राहणार की जाणार, कुणालाच कळत नव्हतं. रात्री-अपरात्री गावं लुटल्याच्या बातम्या यायच्या. पुष्कळ लोक पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, सोयऱ्यांकडे निघाले. आमच्या घरीही पावसाळ्याच्या तोंडाला गाडी जुंपली. नेमका त्याच दिवशी लेकराला गोवर निघाला. अंगभर पुरळ, ताप. तशा पोराला गाडीत घालणं बरं नाही, असं सासूच म्हणाली. थांबावं तर सोबतच्या गाड्या निघून जात होत्या. शेवटी नवरा आईला घेऊन गेला. पोरगं बरं झालं की दुसरी गाडी पाठवतो, असं धाकटीला सांगून गेला. मी येणार का, हे मला कुणी विचारलं नाही. मी भिंतीआडून गाडी जाताना ऐकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी माझ्या दारात आली. कडेवर लेकरू, एका हातात रिकामी घागर. चार वर्षं आम्ही एका आवारात राहत होतो, पण ती माझ्या दाराशी कधी आली नव्हती. ती म्हणाली, "बाई, घरात पाणी न्हाई. याच्यापाशी बसता का जरा?"

मी लेकरू घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं. ती विहिरीवर जाऊन येईपर्यंत मी त्याला मांडीवर घेऊन बसले. ती आली, घागर उतरवली, पण लेकरू मागितलं नाही. माझ्या चुलीशी बसली आणि रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग ती सांगायला लागली. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, की पहिली बायको वारली.

"मला तर तसंच ठाऊक व्हतं. इथं आल्यावर चौथ्या दिवशी तुमी शेणाची पाटी घेऊन जाताना दिसलाव. ही कोण, म्हणून मी विचारलं. सासूबाई म्हणल्या, तुझी सवत. तवापासून तुमी दिसलाव की मी आत पळते, मेलेलं माणूस पाहिल्यावाणी."

 मी इतकंच म्हटलं, "मी मेले न्हाई अजून."

ती रडता रडता हसली. मलाही हसू आलं.

गाडी आलीच नाही. पाऊस लागला, नद्या भरल्या, वाटा बंद झाल्या. लेकराचा ताप आठ-दहा दिवसांत उतरला. गावात दहा-बारा घरं उरली होती, त्यात साळ्याचं एक. आम्ही दोघी माझ्याच खोलीत राहायला लागलो, एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक. दिवसा भीती कमी वाटावी म्हणून मी सुई काढली. तिनं शिकवा म्हटलं. तिला मी बाभळीच्या काटकीला खाच पाडून सुई करून दिली. तिचा हात फार घट्ट, टाक्यातून सुई निघायची नाही. मी तेच तेच सांगायची, सूत सैल सोड, बोटावर ओढून धरू नको. लेकरू गुंडा घेऊन खोलीभर रांगायचं आणि आम्ही त्याच्यामागं सूत गुंडाळत फिरायचो. ती खूप बोलायची. माहेरची म्हैस, बाळापूरचा बाजार, आईवरचा राग. मी ऐकायची, आणि हळूहळू मीही बोलायला लागले. बाहेर काय काय चाललं होतं, आणि मला मात्र ते तीन महिने माझ्या त्या घरातले बरे महिने वाटतात. असं म्हणायला आजही संकोच होतो.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. काही दिवसांनी गाड्या परत आल्या. गुलाल उधळला, लोक रडले, एकमेकांना भेटले. नवरा सुखरूप आला याचं मलाही बरं वाटलं. सासूनं आल्या आल्या मोठं घर झाडून घेतलं आणि धाकटीला हाक मारली. ती लेकरू घेऊन गेली. जाताना तिची काटकीची सुई माझ्या फळीवर राहिली होती, ती परत येऊन घेऊन गेली. त्यानंतर ती आली नाही. तिला येऊ देत नव्हते की तीच येत नव्हती, ते मी विचारलं नाही. माझी खोली आधीसारखीच झाली, फक्त आता ती आधीपेक्षा जास्त रिकामी वाटायची.

दिवाळीत मला मोठ्या घरात दळायला बोलावलं. ताकाच्या मडक्यावर एक नवं झाकण होतं. माझं नव्हतं. टाके घट्ट, एकसारखे नाहीत, आणि कडा सगळ्या वर वळून त्याची वाटी झालेली. म्हणजे तिकडं, भरल्या घरात, तीही एकटीच बसून विणत होती. मी दळायला बसले.

दोन दिवसांनी विहिरीवर ती माझ्या शेजारी घागर बुडवत होती. बाकीच्या बायका होत्या म्हणून मी हळूच म्हटलं, "दर फेऱ्यात पाच-सहा टाके जास्तीचे घाल. मग झाकण सपाट बसंल."

तिनं मान हलवली, घागर उचलून डोक्यावर घेतली आणि गेली. त्या महिन्यात आमचं बोलणं झालं ते तेवढंच.