चौदा इंची बाप्पा आणि चार ख्रिसमस मार्केटं

किस्से ना, पॉटलकनंतर घरी उरलेल्या डब्यांसारखे असतात. कुणाचा कुठला ते कळत नाही, टाकवतही नाहीत, आणि बघता बघता कपाट भरतं! आमच्या अमेरिकेतल्या, शॉमबर्गच्या ग्रुपमध्ये तर एकाने सुरू केला की दुसरा मधेच "अगं तसं नव्हतं" म्हणत झाकण उघडतोच. पण युरोपच्या क्रूझचे किस्से मीच सांगणार. मी तिथे होते!

गेलो चौघं. नलूकाकू, डॉक्टरकाका, माझी रूममेट रश्मी आणि मी. काका-काकू तीस वर्षांपासून अमेरिकेत. काका भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर्ड. रश्मी नागपूरची, मी पुण्याची, दोघी एकाच कंपनीत टेस्टर. डिसेंबर २००५. सुट्ट्या वापरा नाहीतर जातील, असं एचआरने बजावलेलं. आणि काकूंच्या ओळखीचं एक जोडपं ऐनवेळी गळालं, तर त्यांची केबिन आम्हाला. व्हिएन्ना ते न्यूरेंबर्ग, बोटीतून, गावोगावची ख्रिसमस मार्केटं बघत. मी तर दोन रात्री झोपलेच नाही!

काकूंना मात्र बघायचं-बिघायचं काही नव्हतं. त्यांना हवं होतं मखर.

त्याचं असं की आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर बावीस वर्षं काकू करतात. यंदा नवीन कमिटी आली. सगळी आमच्या वयाची पोरं. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "काकू, तुम्ही आता रेस्ट घ्या. आपण पुण्याहून रेडीमेड थर्मोकोल मागवू. आत्ताच ऑर्डर दिली की बोटीने स्वस्तात येतं."

रेस्ट! काकूंना! त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "युरोपहून येईपर्यंत थांबा. नाही आवडलं तर तुमचं थर्मोकोल आणि तुम्ही."

*

व्हिएन्ना. पहिलंच मार्केट. एवढे दिवे, एवढे लाकडी स्टॉल्स, दालचिनीचा वास, मला कुठे बघू आणि कुठे नको झालेलं. काकूंनी पर्समधून शिवणकामाचा टेप काढला. आमची मूर्ती पितळेची, चौदा इंच. म्हणजे मखर आतून वीस तरी पाहिजे.

एका स्टॉलवर दोन लाकडी एंजल्स होत्या. हातात मेणबत्त्या, अगदी गोड चेहरे. काकूंनी उंची मापली, मागून-पुढून बघितलं आणि त्या बाईला विचारलं, "हिचे पंख काढता येतील?"

बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पंख?"

"हो. पंख काढले की बाप्पाच्या दोन बाजूंना उभ्या राहतील. हातात चवरी देईन मी."

काका हळूच मला म्हणाले, "केतकी, चल पुढे. ती आता पोलीस बोलावेल!"

*

तिथेच गरम वाइन मिळते, मसाले घातलेली. काकूंनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण वास आला लवंगेचा, दालचिनीचा, संत्र्याच्या सालीचा. त्यात त्यांना झालेली सर्दी.

"काढा आहे गं! किती शहाणे लोक. नुसता ज्येष्ठमध घालायचा राहिलाय."

आम्ही सांगेपर्यंत दुसरा मग संपला होता! मग काकूंचे गाल लाल, आवाज मोठा, आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं सुखकर्ता-दुखहर्ता सुरू.

रश्मी घाबरली. "काका, काही करा ना!"

काका शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्षं मी हेच केलं. आता तिला दहापासून उलटं मोजायला सांग."

काकू आठपर्यंत पोचल्या.

*

बोटीवर जेवायला आमच्या टेबलाशी ओहायोच्या एक आजी असायच्या. खूप चौकस आणि प्रेमळ. त्यांनी काकांना विचारलं, "तुम्ही लोक ख्रिसमस साजरा करता का?"

"करतो की," काका म्हणाले. "सव्वीस डिसेंबरला. सकाळी सहाला स्टोअरच्या दारात."

आजींना कळेना. मग काकूंनी समजावलं की सव्वीसला सगळं डेकोरेशन हाफ प्राइस होतं, आणि आमचा देव सप्टेंबरात येतो. दिव्यांच्या माळा, सोनेरी रिबिनी, सगळं त्याच्यासाठी.

आजींनी काटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी ज्या बाईशी शेवटच्या सोनेरी माळेसाठी भांडले, ती तुमच्यापैकी होती!"

*

पासाऊला काही मिळालं नाही. रेगेन्सबर्गलाही नाही. सगळं एक तर छोटं, नाही तर चर्चएवढं. त्या संध्याकाळी बोटीवरच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर कमिटीची मेल आली. "काकू, शुक्रवारी थर्मोकोलची ऑर्डर फायनल करतोय. काही मिळालंय का? नसेल तर नो टेन्शन!"

काकूंनी ती दोनदा वाचली. जेवायला आल्या नाहीत.

काका एकटेच सूप पीत बसले होते. म्हणाले, "तिला मखराचं काही नाही गं. आमची पोरं आपापल्या गावी गेली. वर्षात एकदा कुणीतरी फोन करून विचारतं, काकू, झालं का? तेवढंच बंद होईल."

उद्या न्यूरेंबर्ग होतं. शेवटचं मार्केट. आणि शुक्रवारही उद्याच.

*

न्यूरेंबर्गला सुक्या आलूबुखाराचे बाहुले मिळतात. अंग, हात, पाय सगळं त्याचंच, अक्रोडाचं डोकं, वर टोपी. रश्मीने एक विकत घेतला आणि तिथल्या तिथे त्याचा पाय खाल्ला!

स्टॉलवाली किंचाळली. तो धुराडं साफ करणारा होता म्हणे. वर्षभर घरात ठेवायचा, लक येतं!

"मला काय माहीत?" रश्मी चघळत म्हणाली. "आपण पाडव्याला गाठी खातोच ना? बाकी लक आलं हो पोटात. फार कडक आहे!"

*

आणि मग तो म्हातारा.

अगदी कडेचा स्टॉल. येशूच्या जन्माचे लाकडी देखावे करायचा. मधोमध एक गोठा होता, उतरतं छप्पर, कोरीव खांब, आत बारीक कंदील. काकूंनी टेप लावला. बावीस इंच!

"हा द्या. आतली माणसं नकोत."

म्हाताऱ्याने मान हलवली. "रिकामं घर मी विकत नाही. कुटुंबासकट न्यायचं."

"कुटुंब आहे आमच्याकडे," काकू म्हणाल्या आणि पर्समधून मागच्या गणपतीचा फोटो काढला.

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ बघितलं. "एकटाच राहतो?"

"आई येते. दोन-तीन दिवसांनी."

"वडील?"

"ते डोंगरावर असतात. कामात."

त्याला ते पटलेलं दिसलं. मग फोटोत खाली, बाप्पाच्या पायाशी बोट ठेवलं. "हा?"

"उंदीर. ह्याच्यावर बसून फिरतो तो."

म्हाताऱ्याने उंदीर बघितला. बाप्पाचं पोट बघितलं. परत उंदीर. हसला नाही अजिबात. गोठा उचलून आत घेतला आणि म्हणाला, "चार वाजता या."

"अहो, बोटीवर नेणारी बस सव्वाचारला आहे!" काका म्हणाले.

"मग पंधरा मिनिटं आहेत की," काकू म्हणाल्या.

चारला गेलो तर खोकं तयार, ब्राऊन पेपर, वर सुतळी. उघडू दिलं नाही त्याने. मी आणि रश्मीने दोन्ही बाजूंनी धरलं आणि धावत सुटलो. पुढे काका हात हलवत, "थांबा! थांबा!", मागे काकू, "आपटू नका गं पोरींनो!"

केबिनमध्ये पलंगावर खोकं उघडलं. आत माणसं नव्हती, नुसतं घर. कंदील लावले. काकूंनी छपरावरून हात फिरवला. मग मला म्हणाल्या, "जा, मेल कर. थर्मोकोल कॅन्सल म्हणावं."

मी दारापर्यंत गेले, तेवढ्यात फोटोसाठी मखर फिरवणारे काका म्हणाले, "नलू, हे बघ."

मागच्या भिंतीत, अगदी तळाशी, एक छोटंसं कमानदार दार कापलेलं होतं. दोन बोटं रुंद. कापलेल्या जागी लाकूड अजून पांढरं होतं. मी मागे येऊन बोट फिरवलं, काठ गुळगुळीत. एक कुसळही राहू दिलं नव्हतं.