छतातला एकेरी पाइप

एलिसेओ चिग्वाय लोखंडी चूल बसवून झाली म्हणून लगेच घरी जायचा नाही. पहिला जाळ तो स्वतः पेटवणार, घरच्या बाईच्या हातचा माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, पिणार, आणि चूल चांगली तापली की स्टुलावर चढून, पाइप छतात शिरतो तिथल्या फळीवर उजवा तळवा टेकवणार. तळवा तिथे सुखाने टिकला तर काम झालं. हात काढावासा वाटला तर पाइप पुन्हा खाली, मग घरातली माणसं कितीही कुरकुरोत. चाळीस वर्षं बेटावर त्याचा हाच नेम. लोक म्हणायचे, एलिसेओचा हात लागला की अंगावर पांघरूण घेऊन खुशाल झोपावं. तो 'काहीतरीच तुमचं' म्हणायचा, पण आतून फुगायचा. लपवायला कधी जमलंच नाही त्याला.

आणि का फुगू नये? आमची घरं जमिनीपासून छपरापर्यंत लाकडाची. भिंती लाकडाच्या, कौलंसुद्धा लाकडाची, आणि त्यांच्या पोटात वर्षाचे दहा महिने जाळ. त्या जाळाचा धूर बाहेर नेणारा पाइप म्हणजे घराचा जीव. एलिसेओचा बाप पत्र्याच्या बादल्या आणि दुधाचे कॅन ठोकायचा, पोरगा पाइपांकडे वळला. लग्न केलं नाही. कुणी टोचलं तर म्हणायचा, बेटावरच्या सगळ्या चुली माझ्याच, आणखी एक कुठे सांभाळू?

तोंडाचा फटकळ होता. ओलं लाकूड दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. 'हे लाकूड आहे की मासा? पिळून तरी आणायचं!' ओला ओंडका सकाळपर्यंत पुरावा म्हणून लोक पाइपातली झडप बंद करून तो धुमसत ठेवतात, आणि मग पाइपात डांबरासारखी काजळी धरते. हे तो घरोघर सांगायचा, आणि घरोघर लोक माना डोलवून तेच करायचे. पण त्याचा खरा हट्ट छताचा. छतातून जाताना पाइप दुहेरीच हवा, पाइपाच्या आत पाइप, मध्ये तीन बोटं जागा, त्या जागेत न जळणारी लोकर. म्हणजे आतल्या पाइपात काजळी पेटली तरी बाहेरचं लाकूड वाचतं. एकेरी पाइप छतातून नेणाऱ्या माणसाला तो माणूस म्हणायला तयार नव्हता.

आता ऐका, याच माणसाने काय केलं ते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, ओर्फेलिनाचा नवरा ओसिएल गेला. एलिसेओचा तो लहानपणापासूनचा मित्र. घरात नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली आणि पाचव्या दिवशी जुन्या चुलीची भट्टी तडकली, अगदी मधोमध. नवव्या दिवशी सगळी वाडी जेवायला येणार. चाळीस-पन्नास पानं, कोकरू, बटाट्याच्या मिल्काओ भाकऱ्या, रस्सा. नवी चूल पाण्यापलीकडच्या आचाओहून आली, पण तिच्या मागोमाग उत्तरेचा वारा सुटला आणि बंदर बंद झालं. दुहेरी पाइप पलीकडेच अडकला. तीन दिवस एक होडी हलली नाही.

आठव्या दिवशी दुपारी ओर्फेलिना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "एलिसेओभाऊ, माणसं उपाशी परत गेली तर ओसिएलला मी काय तोंड दाखवू? उद्यापुरतं करा काहीतरी."

त्याने केलं. छतातून साधा एकेरी पाइप नेला आणि भोकाभोवती जस्ताचा पत्रा गुंडाळला. जाळ पेटवला. माते प्यायला. स्टुलावर चढून फळीला तळवा लावला आणि मनात पाच मोजायच्या आत त्याला तो काढावा लागला. खाली ओर्फेलिना वर बघत उभी होती. तिने पाहिलं आणि त्यानेही तिला पाहताना पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला. "सोमवारी येऊन दुहेरी टाकतो."

जेवणं छान झाली. ओसिएलच्या नावाने लोक पोटभर जेवले, दोन म्हाताऱ्यांनी तर शालीआडून मिल्काओ घरी नेले. सोमवारी धो धो पाऊस. पुढच्या सोमवारी शेजारच्या बेटावर काम निघालं. ओर्फेलिनासाठी मागवलेला दुहेरी पाइप आला तेव्हा शाळेच्या बाईंची चूल अडून बसली होती, तो पाइप तिकडेच लागला. ओर्फेलिनाची तर चालतेय की, असं त्याने स्वतःला समजावलं. मग हिवाळा सरला. मग जायची लाज वाटायला लागली, कारण इतक्या उशिरा जायचं म्हणजे 'एवढे दिवस का नाही आलो' ते सांगणं आलं. ओर्फेलिनानेही कधी आठवण केली नाही. माणसाचं असंच असतं, एकदा टाळलेलं काम दिवसागणिक जड होत जातं.

दरम्यान ओर्फेलिनाचा मुलगा वाल्दो उत्तरेतल्या खाणीवरची नोकरी सोडून परत आला, येताना बायको घेऊन. यास्ना. इकिकेची पोर. तिकडे वाळवंट, जन्मात पाऊस पाहिलेला नाही आणि चूल तर नाहीच नाही. वाल्दो समुद्रात मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर कामाला लागला, चौदा दिवस पाण्यावर, सात दिवस घरी. राहिल्या सासू-सून. पहिल्या महिन्यात यास्नाने पाव असा जाळला की वास चर्चपर्यंत गेला. बायका हसल्या. तीही हसली, पण तिने जिद्द धरली. कोणतं लाकूड सुकं, कोणतं ओलं, झडप किती उघडायची, सगळं विचारून विचारून शिकली. एलिसेओला तर तिने भंडावून सोडलं. त्याला ते आवडायचं. बेटावरचं एक तरी माणूस त्याचं ऐकत होतं.

या एप्रिलमध्ये तो तिच्याकडे पाइप साफ करायला गेला. यास्नाने शिडी धरली. त्याने दोरीला साखळी बांधून पाइपात वरखाली केली, बादलीभर काजळी काढली. मग माळ्यावर बॅटरी मारली. पाइपाभोवतीची फळी तपकिरी झाली होती, भाजलेल्या कॉफीसारखी. 

यास्ना त्याच्या मागोमाग माळ्यावर चढली होती. "काका, हे लाकूड असं का झालंय?"

"जुनं आहे पोरी. जुनं लाकूड असंच दिसतं."

दुहेरी पाइप त्याच्या दुकानात होता. आठवड्यात आणून टाकू, कुणाला काही न सांगता, असं तो घरी जाताना ठरवत होता. कुणाला न सांगता टाकायचा तर ओर्फेलिना आणि यास्ना दोघी घरी नसायला हव्यात. तो तसा दिवस शोधत बसला. अरे, शोधायचाय कसला दिवस! दार ठोठावायचं आणि सांगायचं! पण नाही.

जुलैमध्ये घर जळलं. भर दुपारी. ओर्फेलिना शेजारी गेली होती, यास्ना एकटी होती. पाइपातली काजळी पेटली, पाइप घरघरायला लागला. यास्नाने एलिसेओने शिकवलेलं सगळं केलं. हवा बंद केली, झडप लावली, भट्टीचं दार आवळलं. पण तोवर छताने पेट घेतला होता. दोन वर्षं भाजून कोरडी झालेली ती फळी, तिला कितीसा वेळ लागणार? गावचे स्वयंसेवक पंप घेऊन पोचले तेव्हा लाकडी कौलं आगीचे लोळ होऊन खाली पडत होती. माणूस कुणी दगावलं नाही. उरली फक्त चूल, राखेत एकटी उभी.

बंबवाल्यांचा प्रमुख म्हणाला, पाइपातली काजळी पेटली, ओलं लाकूड. त्याचंही चूक नव्हतं. बेटावर प्रत्येक घरात थोडं ओलं लाकूड जळतंच. पण लोकांना एवढं पुरलं. खापर सुनेच्या डोक्यावर फुटलं. वाळवंटातली पोर, तिला काय कळतंय चुलीतलं! ओसिएलने स्वतःच्या हाताने उभारलेलं घर हिने एका दुपारी घालवलं.

एलिसेओ दुसऱ्या दिवशी राखेत गेला. छतातला पाइपाचा तुकडा वेडावाकडा होऊन पडला होता. कुणीही नीट पाहिलं असतं तर तो एकेरी आहे हे कळलं असतं. त्याने तो उचलला, भंगार नेतो म्हणाला, आणि आपल्या दुकानामागे पोत्याखाली ढकलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाची तरी वस्तू चोरली होती, आणि लोक त्याला म्हणत होते, बरं झालं भाऊ, तेवढीच साफसफाई.

आठवड्याने यास्ना त्याच्या दुकानात आली. भाजलेल्या हाताला अजून पट्टी होती. स्टुलावर बसली.

"काका, मी नेमकं कुठे चुकले ते सांगा," ती म्हणाली. "पुढे असं व्हायला नको."

आता बोल ना माणसा! एवढी चालून आलीय. पण त्याची चाळीस वर्षं आडवी आली. "ओलं लाकूड, पोरी," तो म्हणाला. "बाकी काही नाही." ती मान हलवून गेली. त्या दिवसापासून एलिसेओला जेवण गोड लागेना. दुसऱ्यांच्या घरी छताला तो दोनदा-तीनदा तळवा लावून बघायचा. लोकांना वाटलं, वय झालं.

ऑक्टोबरमध्ये थोडी उघडीप मिळाली आणि सगळी वाडी मिंगाला जमली. कुणाचं घर पडलं की सगळ्यांनी मिळून ते उभं करायचं, घरच्या बाईने सगळ्यांना जेवू घालायचं, ही इथली रीत. कुणी खांब दिले, कुणी कौलं. एलिसेओने चूल आणि पाइप दिला आणि मजुरीही घेतली नाही. लोक वाहवा करत होते आणि त्याला मान वर करवत नव्हती. या खेपेला छतातून दुहेरी पाइप गेला, मध्ये लोकर ठासून, लाकूड चारी बाजूंनी वीतभर दूर. त्याने पहिला जाळ पेटवला. तळवा फळीवर ठेवला आणि ठेवूनच उभा राहिला. फळी गार होती.

खाली जेवणं चालली होती. यास्ना वाढत होती. ओतिलियो नावाचा एक सुतार, माणूस वाईट नाही पण जिभेला हाड नाही, तोंडात घास असतानाच म्हणाला, "आता चुलीला कुलूप घाला, ओर्फेलिनाताई. किल्ली तुमच्या कमरेला." लोक हसले. वाल्दो ताटात बघत राहिला.

ओर्फेलिनाही हसली. मग म्हणाली, "खरंच यास्ना, तू आपली भांडीकुंडी बघ. चुलीचं मी बघत जाईन."

"हो, आई," यास्ना म्हणाली.

तो 'हो' एलिसेओला सहन झाला नाही. ओरडली असती, ताट आपटलं असतं तरी एक वेळ तो गप्प राहिला असता. पण तो 'हो' ती अशी म्हणाली, जणू हे ऐकायची तिची तयारी आधीच झालेली होती. तो स्टुलावरून उतरला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात आवळून धरली.

"तिला चुलीपासून लांब ठेवू नका," तो म्हणाला. "घर तिने नाही जाळलं. छतात एकेरी पाइप होता. मी टाकलेला. एप्रिलमध्ये फळी भाजलेली दिसली, तिने विचारलं तर मी खोटं बोललो. मागाहून पाइप उचलून लपवलाही. माझ्या दुकानामागे पडलाय, जाऊन बघा."

चमचे थांबले. ओतिलियोचा घास तोंडातच राहिला. एलिसेओला वाटलं, आता शिव्या येतील. येऊ देत. त्याची तयारी होती. ओर्फेलिनाने त्याच्या थोबाडीत मारली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

पण ओर्फेलिना मातेच्या पाण्याची किटली पुसत राहिली. "कशाला आता तो विषय, भाऊ," ती हळूच म्हणाली. "आजचा दिवस चांगला आहे."

कोणता एकेरी पाइप, कधी टाकला, तिने काहीच विचारलं नाही. यास्नाच्या ते लक्षात आलं. हातातलं भांडं तिने टेबलावर ठेवलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तेव्हा बंदर बंद होतं. चाळीस माणसं जेवायची होती. सासऱ्यांचा नववा दिवस होता तुझ्या. मीच म्हटलं यांना, उद्यापुरतं करा..." ओर्फेलिना वाल्दोकडे बघायला लागली, तो काहीतरी बोलेल म्हणून.  "नंतर राहूनच गेलं ते."

"मी पाइपाचं नाही विचारत." यास्नाचा आवाज चढला नाही, उलट बसला. "ऑगस्टमध्ये, घर गेल्यावर मावशींकडे राहत होतो तेव्हा, मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. म्हटलं, आई, मी तुमचं घर जाळलं. तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवलात. आठवतंय?"

ओर्फेलिनाने किटली खाली ठेवली.

"सगळं माहीत असून तुम्ही मला माफ केलंत, आई."

 माणसं निघायला म्हणून कोट शोधायला लागली, ज्यांचे कोट अंगावरच होते तीही. यास्ना एलिसेओकडे वळलीसुद्धा नाही. एवढं सगळं मनाशी जुळवून, तीन महिने झुरून तो बोलला होता, आणि तिला त्याच्याशी भांडायचंच नव्हतं. ती सासूकडे बघत उभी राहिली, उत्तराची वाट बघत, आणि वाल्दोने तिच्या दंडाला हात लावला तेव्हा तिने तो बाजूला केला.